लायसन्सची एरर आली? देवगडच्या दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगडच्या बाजारपेठेत आमचं कम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर स्क्रीनचे फोटो येत असतात, बहुतेक तिरके आणि हललेले, आणि खाली एकच ओळ असते : 'नवीन की कितीला पडेल?' की म्हणजे सॉफ्टवेअर विकत घेतल्याची खूण असलेली २५ अक्षरांची किल्ली. फोटो पाठवणाऱ्यांतल्या पुष्कळांना नवी की लागतच नाही. कुठे घड्याळ चुकलेलं असतं, कुठे भलत्याच खात्यातून लॉगिन झालेलं असतं, कुठे लायसन्स शाबूत असून फॉरमॅट मारणाऱ्याने चुकीची विंडोज टाकलेली असते. तीच तीच उत्तरं सांगून घसा बसला, म्हणून एकदा लिहून ठेवली.

विंडोजचे एरर कोड 'शून्य एक्स'ने सुरू होतात. तेवढा भाग सगळ्यांना सारखाच, म्हणून खाली गाळलाय. पुढचा भाग लोक फोनवर वाचून दाखवतात तसाच लिहिलाय.

१. कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' अशी फिकट अक्षरं आलीत. माजो लॅपटॉप बंद पडतलो काय? फायली जातील?

नाही पडणार. विंडोज अ‍ॅक्टिव्हेट नसली, म्हणजे तिचं लायसन्स मायक्रोसॉफ्टकडे पटलेलं नसलं, तरी लॅपटॉप सुरू होतो, फायली उघडतात, प्रिंट निघते, नेट चालतं. वॉलपेपर, रंग, थीम हे सेटिंगमधून बदलता येत नाही आणि ती अक्षरं प्रत्येक गोष्टीवर तरंगत राहतात, एवढाच त्रास. तुमच्या फायलींना विंडोज हात लावत नाही, त्यामुळे रात्री साडेअकराला फोन करण्यासारखं यात काही नाही.

अपवाद एकच. कुणी तुमच्या मशीनवर कंपन्यांसाठीची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती टाकली असेल, तर मुदत संपल्यावर ती दर तासाला आपोआप बंद पडते. अशा मशीनवर हिशेबाचं काम करत बसू नका. आधी फायली पेनड्राइव्हवर घ्या.

२. विंडोज लॅपटॉपबरोबरच आली होती. मग की कुठे आहे? बॉक्समध्ये काहीच नाही.

विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपच्या पोटावर की छापलेला स्टिकर असायचा आणि घामाने दोन वर्षांत पुसला जायचा. २०१२ मध्ये विंडोज ८ आली तेव्हापासून कंपनीच्या लॅपटॉपची की मदरबोर्डवरच्या (आतल्या मुख्य सर्किटवरच्या) चिपमध्येच भरलेली असते. विंडोज टाकताना ती आपोआप वाचली जाते, तुम्हाला टाइप करावी लागत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये त्यापुढची सोय आहे, डिजिटल लायसन्स. एकदा अ‍ॅक्टिव्हेट झालेलं मशीन मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला लक्षात राहतं. म्हणून हार्ड डिस्क बदलून एसएसडी टाकली तरी, आवृत्ती (होम, प्रो वगैरे) तीच ठेवली तर, नेट लागताच लायसन्स परत येतं.

असेंबल केलेल्या डेस्कटॉपची गोष्ट वेगळी. त्याच्या बोर्डात की नसते. ती डब्यात, ईमेलमध्ये किंवा बिलावर असते. आणि बिलावर विंडोजची ओळच नसेल, तर विंडोज विकत घेतलेली नाही असं समजा.

३. एरर आली की सगळ्यात आधी काय बघू?

चार गोष्टी, याच क्रमाने : घड्याळ, नेट, खातं, आणि काल काय बदललं.

घड्याळ म्हणजे तारीख, वर्ष आणि टाइम झोन (प्रश्न ४). नेट म्हणजे नुसती वायफायची खूण दिसते का ते नव्हे, एखादं नवीन पान खरंच उघडतं का ते. फायबर बंद असेल तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करून बघा, व्हीपीएन असेल तर बंद करा. खातं म्हणजे ज्या ईमेलवर खरेदी झाली तोच ईमेल मशीनवर आहे का. आणि चौथी गोष्ट लोक नेमकी सांगत नाहीत. 'काही केलं नाही' म्हणतात आणि मग अर्ध्या तासाने कळतं, भाच्याने फॉरमॅट मारलाय.

अ‍ॅक्टिव्हेशनची खरी स्थिती विंडोज ११ मध्ये सेटिंग, सिस्टिम, अ‍ॅक्टिव्हेशन इथे दिसते. विंडोज १० मध्ये अपडेट अँड सिक्युरिटीच्या खाली. कोड तिथेच असतो.

४. एरर ८००७२एफ८एफ. नेट चालू आहे, मग 'कनेक्ट होत नाही' का म्हणतं?

हा घड्याळाचा कोड समजा. कम्प्युटर सर्व्हरशी बोलण्याआधी सर्व्हरचं ओळखपत्र तपासतो. त्या ओळखपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. तुमचं घड्याळ २०१८ दाखवत असेल तर आजचं ओळखपत्र त्याला खोटं वाटतं आणि तो बोलणंच तोडतो.

एका होमस्टेवाल्या काकांचं उदाहरण सांगतो. ते पावसाळाभर मुंबईला मुलाकडे, घराचा मेन स्विच काढलेला. दिवाळीला आले तर मायक्रोसॉफ्ट ऑफिस (वर्ड, एक्सेल) म्हणे लायसन्स तपासता येत नाही, ब्राउझर म्हणे प्रत्येक साइट असुरक्षित, अँटिव्हायरस लालेलाल. काका नव्या ऑफिसचे पैसे घेऊनच दुकानात आले होते. स्क्रीनच्या कोपऱ्यात वेळ बरोबर होती, कारण ती त्यांनी हाताने लावली होती. वर्ष मात्र कुणी पाहिलंच नव्हतं.

कारण मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. डेस्कटॉपची वायर भिंतीवरच्या विजेच्या बोर्डात लावलेली असते तोवर घड्याळ त्या विजेवर चालतं. घर बंद, स्विच बंद, की सगळा भार सेलवर. त्यात आमच्याकडचा खारा वारा. काकांच्या मशीनचं झाकण काढलं तेव्हा सेलच्या पट्टीवर हिरवट थर चढलेला होता. पट्टी खरवडून नवा सेल बसवला, वर्ष लावलं, टाइम झोन 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' म्हणजे अधिक साडेपाच तास केला. तिन्ही एरर गेल्या.

सेल बदलूनही रोज सकाळी वर्ष मागे जात असेल तर पट्टी सैल आहे किंवा बोर्ड दुखावलाय. तेव्हा मात्र मशीन घेऊन या.

५. २५ अक्षरांची की बरोबर टाकतोय, तरी 'की चालत नाही' म्हणतं. सी००४एफ०५०.

दहापैकी नऊ वेळा वाचण्यात चूक, हे माझं अनुभवाचं बोलणं, मोजलेलं नाही. विंडोजच्या की मध्ये शून्य, एक आणि पाच हे आकडे येत नाहीत. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर येत नाहीत, आणि एल, एस, झेड ही अक्षरंही नाहीत. म्हणजे तुम्हाला जे 'ओ' वाटतंय ते क्यू किंवा डी आहे. जे 'एस' किंवा पाच वाटतंय ते बहुधा आठ. खरा घोळ बी आणि आठ यांचा, जी आणि सहा यांचा, कारण हे चारही असतात. पुसट स्टिकर असेल तर मोबाइलने तिरक्या उजेडात फोटो काढून मोठा करून बघा.

अक्षरं सगळी बरोबर आणि कोड सी००४एफ०३४ असेल तर की खोटीच असेल असं नाही, ती बहुधा दुसऱ्या आवृत्तीची आहे. प्रश्न ८ पाहा.

६. वीज पडून बोर्ड गेला, नवीन टाकला. आता 'हार्डवेअर बदललंय' म्हणतं. विंडोज परत विकत घ्यायची का?

लगेच नको. कोड सी००४एफ२११ म्हणजे 'हे मशीन मला वेगळं दिसतंय', आणि सी००४एफ२१३ म्हणजे 'या मशीनमध्ये की सापडत नाही'. मेअखेरच्या गडगडाटात आणि परतीच्या पावसात या दोन कोडांची आमच्याकडे रांग लागते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर तिकडच्या ओळखीच्यांचे हेच प्रश्न कितीतरी दिवस येत होते. रॅम, डिस्क, किबोर्ड बदलून सहसा काही होत नाही. लायसन्स बोर्डाला बांधलेलं असतं.

आता तुमचं लायसन्स कोणत्या जातीचं, यावर सगळं आहे. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजीत एसएलएमजीआर टाइप करा, एक जागा सोडा, फॉरवर्ड स्लॅश, मग डीएलआय. एंटर मारल्यावर जी खिडकी येते तिच्यात रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम असा शब्द दिसेल.

रिटेल, म्हणजे डबा किंवा की वेगळी विकत घेतलेली असेल, तर ते लायसन्स नव्या बोर्डावर नेता येतं. आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असेल तर अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट दाबा, 'अलीकडे हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडा, लॉगिन करा आणि यादीतून जुनं मशीन निवडा. आवृत्ती तीच हवी. जोडलेलं नसेल तर की शोधून पुन्हा टाका.

ओईएम म्हणजे लॅपटॉपबरोबर आलेलं. ते त्या बोर्डाबरोबरच जगतं आणि मरतं. पण बोर्ड बिघडला म्हणून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने त्याच जातीचा बदलून दिला, तर विंडोजचा हक्क जात नाही, आणि नव्या बोर्डात की भरून देणं हे त्यांचं काम आहे. बोर्ड घेतानाच विचारा, 'की भरली का?' बाहेरून जुना बोर्ड टाकून घेतला तर हा हक्क सांगता येत नाही. स्वस्तात पडलं म्हणताना हा खर्च कुणी धरत नाही.

व्हॉल्यूम दिसलं तर पुढचा प्रश्न वाचा.

७. मुंबईहून काकाने ऑफिसमधून निघालेला लॅपटॉप गणपतीत आणून दिला. सहा महिने झकास चालला, आता सी००४एफ०७४ येतंय. काय बिघडलं?

काहीच बिघडलं नाही. हे होणारच होतं. मोठ्या कंपन्या प्रत्येक लॅपटॉपला वेगळी की टाकत बसत नाहीत. ऑफिसमध्ये एक सर्व्हर असतो, तो सगळ्या मशीनना अ‍ॅक्टिव्हेट करतो आणि हे अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं. प्रश्न ६ मधलं व्हॉल्यूम लायसन्स ते हेच. लॅपटॉप दर सात दिवसांनी त्या सर्व्हरला विचारायचा प्रयत्न करतो आणि उत्तर मिळालं की मुदत पुन्हा १८० दिवसांची होते. लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कवर होता तोवर हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. देवगडात आल्यावर तो सर्व्हर त्याला कुठून सापडणार? ऑगस्ट-सप्टेंबरला गणपतीत दिलेला लॅपटॉप बरोबर शिमग्याच्या सुमारास ओरडायला लागतो. दुकानात आम्ही याला 'शिमग्याची एरर' म्हणतो. '८००७२३२बी' हा कोडही याच घरातला : सर्व्हरचं नावच सापडत नाही.

मुदत संपायच्या आधी बघायचं असेल तर प्रश्न ६ मधल्या चौकटीत डीएलआयच्या जागी एक्सपीआर लिहा. कायमचं अ‍ॅक्टिव्हेशन असेल तर तसं सांगतं, नाहीतर संपण्याची तारीख दाखवतं.

उपाय बहुतेक वेळा फुकट असतो. कंपनीने लॅपटॉप विकत घेतला तेव्हा त्याच्या बोर्डात मूळची की होतीच, बिझनेस मॉडेल असेल तर बहुधा प्रोची. फायली काढून घ्या, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेनड्राइव्ह बनवा आणि कोरी विंडोज टाका. ती बोर्डातली की वाचते आणि काम होतं.

पण एक मेख आहे. कोरी विंडोज टाकल्यावर पहिल्याच पडद्यावर कंपनीचं नाव आलं आणि त्यांच्याच ईमेलने लॉगिन करा म्हणालं, तर तो लॅपटॉप अजून कंपनीच्या यादीत आहे. हे लायसन्सचं प्रकरण नाही आणि आम्ही ते उघडत नाही. काकाला सांगा, ऑफिसच्या आयटीवाल्यांना सिरियल नंबर देऊन नाव काढून घ्या. पाच मिनिटांचं काम असतं, पण ते त्यांनीच करायचं. आणि 'कंपनीने दिला' याचा कागद काकाकडे असेल तर फारच बरं.

८. फॉरमॅटनंतर एरर आली. आधी सगळं व्यवस्थित होतं.

फॉरमॅट मारणाऱ्याने त्याच्याकडच्या पेनड्राइव्हवरची प्रो टाकली, तुमच्या बोर्डात की आहे होमची. दोघांचं जमत नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच घरगुती लॅपटॉपवर तर 'होम सिंगल लँग्वेज' असते. ती साध्या होमपेक्षाही वेगळी आवृत्ती धरली जाते. प्रोची नवी की घेऊ नका, मूळ आवृत्ती परत टाकून घ्या. ते काम फॉरमॅट मारणाऱ्यानेच फुकट करून द्यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मूळ आवृत्ती कोणती ते लॅपटॉपच्या बिलावर किंवा खोक्यावरच्या लेबलवर असतं.

९. ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत 'लाइफटाइम ओरिजिनल की' मिळते. घेऊ का?

घेऊ नका. या किया बहुतेक वेळा एखाद्या संस्थेच्या व्हॉल्यूम लायसन्समधून किंवा डेव्हलपरांसाठीच्या योजनेतून बाहेर पडलेल्या असतात आणि एकच की कित्येकांना विकलेली असते. टाकल्यावर चालते, म्हणून माणूस पाच तारे देऊन मोकळा होतो. काही महिन्यांनी सी००४सी००३ येतं, म्हणजे की ब्लॉक केली. किंवा सी००४सी००८, म्हणजे तिचा वापर ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला. विकणारा तोवर नाव बदलून दुसरीकडे बसलेला असतो.

बिल जीएसटीचं असेल आणि विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. बिल नसेल तर पैसे गेले म्हणायचं.

१०. अ‍ॅक्टिव्हेटर मारला की सगळं गप्प होतं, असं सगळेच म्हणतात.

गप्प होतं खरं. अ‍ॅक्टिव्हेटर म्हणजे की न घेताच विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करणारं चोरटं सॉफ्टवेअर. तो तुमच्याच मशीनमध्ये खोटा ऑफिस-सर्व्हर बसवतो, प्रश्न ७ मधल्यासारखाच, आणि विंडोज त्याच्याकडून मुदत वाढवून घेते. यासाठी तो आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. अनोळखी माणूस घरात येण्याआधी कुत्रा बांधून ठेवायला सांगत असेल, तर आपण काय समजतो? त्याच मशीनवर तुम्ही बँकेचं लॉगिन करता. पुढे अपडेटने तो सर्व्हर उडवला की परत सी००४एफ०७४, आणि सिस्टिमच्या फायली त्याने बदलल्या असतील तर सी००४ई००३. या दुसऱ्या कोडला कोरी विंडोज हाच खात्रीचा इलाज.

कायद्याचंही सांगतो, कारण दुकानदार मंडळी हा भाग हसण्यावारी नेतात. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब : बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. तुमच्या दुकानात जीएसटीची बिलं त्या मशीनवर निघत असतील, तर 'धंद्यासाठी नाही' म्हणायला जागा उरत नाही.

पैसेच नसतील तर मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस फुकट आहे, मराठी युनिकोड त्यात चालतं, पत्रं आणि बिलं होतात. जुन्या मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्सही टाकून देतो.

११. वर्डच्या वर लाल पट्टीत 'अनलायसन्स्ड प्रॉडक्ट' आलंय. फाइल उघडते, पण टाइप होत नाही.

ऑफिस 'कमी कामाच्या' अवस्थेत गेलंय : उघडा, वाचा, छापा, पण लिहू नका. काम द्यायची तारीख जवळ आलेली असेल तर आधी फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडून काम उरका, मग कारण शोधा.

सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे एका मशीनवर दोन ऑफिस. लॅपटॉपबरोबर मायक्रोसॉफ्ट ३६५ ची, म्हणजे वर्गणीवर चालणाऱ्या ऑफिसची, महिनाभराची ट्रायल आलेली असते, तुम्ही नंतर एकदाच पैसे भरायचं ऑफिस घेता. ट्रायल संपते आणि ओरडते ती ट्रायलच, पण लोकांना वाटतं घेतलेलं ऑफिस गेलं. अ‍ॅप्सच्या यादीत दोन नावं दिसली तर ३६५ काढून टाका, मशीन रीस्टार्ट करा.

दुसरं कारण खातं. ऑफिस घेतलं मुलीच्या ईमेलवर, लॅपटॉप चालतो बाबांच्या ईमेलवर. वर्डमध्ये फाइल, अकाउंट इथे कोणतं नाव दिसतं ते बघा. ३६५ असेल तर एका वेळी पाच उपकरणांवर लॉगिन राहतं, आणि त्याला महिन्यातून एकदा तरी नेट लागतं. रेंज नसलेल्या वाडीत दोन महिने राहिलात तर पट्टी येणारच. नेटवर आणा, जाते.

१२. टॅली 'एज्युकेशनल मोड'मध्ये उघडतंय आणि १५ तारखेचं व्हाउचर घेत नाही. डेटा गेला का?

डेटा जागेवर आहे. टॅलीला, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरला, लायसन्स सापडलं नाही की ते शिकाऊ अवस्थेत (एज्युकेशनल मोड) उघडतं आणि महिन्याच्या १, २ आणि ३१ अशा ठरावीक तारखांचीच नोंद घेतं. आंब्याच्या हंगामात पेट्यांची बिलं तुंबली की लोक सगळी बिलं १ तारखेला टाकून मोकळे होतात. तसं करू नका, नंतर ते निस्तरणं महाग पडतं.

सिल्व्हर असेल, म्हणजे एकाच मशीनचं : फॉरमॅट किंवा बोर्ड बदल झालाय का? मग रीअ‍ॅक्टिव्हेट करावं लागेल, आणि त्यासाठी लायसन्सवर नोंदलेला ईमेल व पासवर्ड हवा. बऱ्याचदा तो ईमेल टॅली बसवून देणाऱ्या मुलाचा असतो आणि तो मुलगा आता पुण्याला असतो. नोंदणी स्वतःच्या ईमेलवर बदलून घ्या. मशीन बदलणार असाल तर जुन्यावरून आधी लायसन्स सरेंडर करा, नाहीतर नवं मशीन म्हणेल लायसन्स दुसरीकडे चालू आहे.

गोल्ड असेल, म्हणजे लॅनवर (एकमेकांना जोडलेल्या मशीनवर) अनेकांचं : लायसन्स एका मुख्य मशीनवर असतं आणि बाकीची त्याला ९९९९ या पोर्टवर विचारतात. लाइट जाऊन आली, राउटर नव्याने सुरू झाला, मुख्य मशीनचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) बदलला, की बाकीची सगळी शिकाऊ होतात. मुख्य मशीनला कायमचा आयपी देऊन टाका, हा त्रास पुन्हा होत नाही.

एक गुंतागुंत राहिली. टीएसएस, म्हणजे वार्षिक सेवा, संपली तरी विकत घेतलेलं टॅली बंद पडत नाही. पण टीएसएस संपल्यानंतर आलेली नवी आवृत्ती तुम्ही टाकलीत, तर ती लायसन्स मानत नाही. जुन्या आवृत्तीवर जा किंवा टीएसएस भरा.

१३. डीटीपीच्या (छपाईची पानं जुळवायच्या) सॉफ्टवेअरचं 'लॉक सापडत नाही' येतं. लॉक तर लावलेलंच आहे.

मराठी फाँटची काही जुनी पॅकेजं यूएसबी लॉकवर, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या तुकड्यावर, चालतात. लॉक म्हणजेच लायसन्स, आणि ते हरवलं तर लायसन्स हरवलं. आधी लॉक काढून त्याचं तोंड उजेडात धरा. सोनेरी पट्ट्यांवर काळपट किंवा हिरवट डाग असतील तर ते आपल्या हवेचं देणं आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून पट्ट्या हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग मागच्या पोर्टमध्ये लावा. हबमध्ये नको. पॉलिश पेपर घासू नका, मुलामा निघतो.

लॉकवरचा दिवा लागतो पण सॉफ्टवेअरला दिसत नाही, तर लॉकचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला लॉक ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर, गेलाय. विंडोज १० वरून ११ केल्यावर हे होतं. ड्रायव्हर त्या पॅकेजच्या कंपनीकडूनच घ्या.

१४. स्टुडिओत आणि घरी दोन्हीकडे फोटोशॉप आहे. तिसरा लॅपटॉप घेतला तर लॉगिन होत नाही.

अडोबीचं वैयक्तिक सबस्क्रिप्शन दोन मशीनवर अ‍ॅक्टिव्ह राहतं. तिसऱ्यावर गेलात की आधीच्यांतून साइन आउट करा म्हणतं. तिथेच बटण असतं. लग्नाच्या हंगामात हे करायला विसरून हॉलवर पोचू नका, कारण साइन आउटला नेट लागतं.

१५. 'अँटिव्हायरस संपला, या नंबरवर फोन करा' असं मोठ्या आवाजात येतंय.

फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर संदेशात फोन नंबर कधीच नसतो. हे ब्राउझरचं नोटिफिकेशन असतं. कधीतरी एखाद्या साइटवर 'अलाउ' दाबलं गेलं, त्याचं फळ. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट काढून टाका. पडदा पूर्ण व्यापून बसला असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा आणि उघडलेल्या यादीतून ब्राउझर निवडून बंद करा.

फोन केलाच असेल आणि त्यांनी मशीनचा ताबा घेतला असेल, तर आधी नेट तोडा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन, मग बँकेला. 'उद्या बघू' नको, पहिल्या काही तासांतच रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

खऱ्या अँटिव्हायरसची मुदत त्याच्या स्वतःच्या खिडकीत बघा, पॉपअपमध्ये नव्हे.

१६. 'विंडोज १० चा सपोर्ट संपला' असा संदेश येतो. लायसन्स संपलं का?

नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. लायसन्स आहे तसंच आहे, मशीन अ‍ॅक्टिव्हेट राहतं, कोरी विंडोज १० टाकली तरी होतं. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करता येते. विंडोज ७ ची जुनी की टाकून १० किंवा ११ चालू करायची वाट मात्र सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. 'माझ्या मित्राचं झालं होतं' ते त्याआधीचं.

१७. टेंडर भरताना 'सर्टिफिकेट एक्स्पायर्ड' येतं. हे पण लायसन्सच ना?

नाही. ती तुमच्या डिजिटल सहीची मुदत. सहीचं यूएसबी टोकन देणाऱ्याकडून नवीन करून घ्यावी लागते. पण त्याआधी एकदा प्रश्न ४ वाचून घड्याळ बघा.

१८. तुम्हाला दाखवायचंय. काय काय पाठवू?

स्क्रीनचा सरळ, न हललेला फोटो, कोडसकट. सेटिंगमधल्या अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानाचा दुसरा. लॅपटॉपच्या खालच्या लेबलचा तिसरा. प्रश्न ६ मधली डीएलआयची खिडकी जमली तर चौथा. कीची पूर्ण अक्षरं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. शेवटची पाच पुरतात, आणि डीएलआयच्या खिडकीतही तेवढीच दिसतात. पासवर्ड तर कुणालाच नको, आम्हालाही.

मशीन घेऊन येणार असाल तर चार्जर आणा. आणि पावसाळ्यात लॅपटॉप नुसत्या कापडी पिशवीतून आणू नका, आत प्लास्टिक घाला.